जुन्या गाडीचे सीट बेल्ट घरच्या घरी कसे धुवायचे

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की एकदा ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघावा. कायम आत गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर तुकडा अजून कोरा असतो, आणि छातीवर येणारा भाग त्याच्याशेजारी तपकिरी-काळा दिसतो. नागपुरात हा फरक जरा जास्तच ठळक असतो. एप्रिल ते जून शर्ट घामाने भिजलेला असतो; तो घाम आणि मानेवरचं तेल पट्टीत मुरतं, आणि सिमेंट रोडची, बांधकामांची बारीक धूळ त्यावर येऊन चिकटते. सीट कव्हर आपण बदलतो, मॅट झटकतो, डॅशबोर्ड पुसतो. बेल्टला मात्र वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही.

नुसता वाईट दिसतो म्हणून बेल्ट धुवा, असं मी सांगणार नाही. मळलेला बेल्ट परत आत जात नाही, ही खरी अडचण आहे. पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबाच्या तळाशी बेल्ट गुंडाळून घेणारा जो रिट्रॅक्टर असतो, त्यात घड्याळाच्या कमानीसारखी एक चपटी स्प्रिंग असते. तिचा जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो, नाहीतर बेल्ट दिवसभर छातीवर रुतला असता. १९५९ साली व्होल्वोचे इंजिनिअर नील्स बोलिन यांनी जो तीन टोकांचा बेल्ट आणला, त्यात छातीला आणि कमरेला मिळून एकच पट्टी होती. आजही मूळ रचना तीच आहे, आणि ही पट्टी खांद्याच्या वर खांबाला असलेल्या कडीतून आणि लॉकमध्ये जाणाऱ्या पत्तीतून सरकते. म्हणजे पट्टीवरचा मळ दर वेळी या दोन फटींतून घासत जातो, तिथेच साचतो, आणि हलक्या स्प्रिंगला ते घर्षण झेपत नाही. मग बेल्ट खांद्यावर सैल लोंबतो. धडकेच्या वेळी तो सैलपणा संपेपर्यंत शरीर पुढे जात राहतं, पट्टी त्यानंतर धरते. शिवाय लोंबणारा बेल्ट दारात अडकतो. दाराखाली चेपून कडा फाटलेले बेल्ट कुठल्याही गॅरेजमध्ये बघायला मिळतील.

दुसरी गोष्ट पट्टीच्या ताकदीची. हल्लीच्या गाड्यांत ही पट्टी विणलेल्या पॉलिस्टरची असते. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१६ या नियमानुसार ती किमान ४६ मिलिमीटर रुंद हवी आणि १४,७०० न्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा ताण तिने सोसला पाहिजे. त्याच नियमात पट्टी प्रकाशात, थंडीत, उष्णतेत, पाण्यात आणि घासून अशी वेगवेगळी तपासली जाते. म्हणून साध्या पाण्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते रसायनांना. या लेखातलं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: डाग राहिला तर चालेल, धागा कमजोर झालेला चालणार नाही.

आधी तपासा, मग पाणी लावा

ज्या बेल्टला धुण्यापेक्षा बदलण्याची गरज आहे, त्यावर सकाळ घालवू नका. बेल्ट सावकाश, झटका न देता, शेवटपर्यंत ओढा. उजेडात दोन्ही बाजू बघा आणि कडांवरून बोट फिरवत जा. कड दाताने कुरतडल्यासारखी लागते का? कुठे चीर आहे का? सिगारेटचं छिद्र? शिवण उसवलेली? कडीजवळ किंवा पत्तीजवळ आडवा, चमकदार, वितळल्यासारखा पट्टा दिसतो का? हा शेवटचा पट्टा फार महत्त्वाचा. मोठ्या धडकेत बेल्टवर ताण येतो तेव्हा पट्टी प्लास्टिकवर जोरात घासून असा ठसा उमटतो. जुनी गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर मागच्या मालकाने सांगितली नसेल अशी गोष्ट हा ठसा सांगून जातो.

काही गाड्यांत खालच्या टोकाजवळ पट्टीची एक घडी शिवलेली असते. जबर ताण आला की ती शिवण उसवते. ती उघडलेली दिसली, तर बेल्टचं काम एकदा होऊन गेलेलं आहे. धडकेत वापरला गेलेला बेल्ट स्वच्छ असो वा मळका, बदलायचाच. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर रंग उडून पट्टी कडक, पुठ्ठ्यासारखी झाली आहे का हेही बघा. अतिनील किरणांनी धागा खरोखरच कमकुवत होतो. असा बेल्ट धुऊन त्यात जीव येत नाही.

काय लागेल

सामान घरातलंच आहे. मऊ दाताचा ब्रश, म्हणजे लहान मुलांचा जुना टूथब्रश आणि एक नखं घासायचा ब्रश. दोन बादल्या. तीन-चार सुती फडकी किंवा जुने पंचे. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं ते सौम्य लिक्विड, नाहीतर बेबी शाम्पू. स्टेशनरीच्या दुकानातली सगळ्यात मोठी बाइंडर क्लिप. पाटासारखी एक सपाट फळी. आणि पायजम्याची एक जुनी सुती नाडी. ती कशाला, ते पुढे येईल.

काय नको तेही आधीच बाजूला काढून ठेवा. कपड्यांची पावडर नको. तिच्यात सोडा असतो आणि तीव्र क्षार पॉलिस्टरला हळूहळू खातात. ब्लीच नको, बाथरूमचं ॲसिड नको. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचा बोळा फिरवून बेल्ट "एक मिनिटात साफ" करून देणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. डॅशबोर्डचं पॉलिश बेल्टला लावलं तर पट्टी बुळबुळीत होते आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. जुना बेल्ट काळ्या रंगात बुडवून नवा करायची कल्पनाही सोडून द्या. गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्लीच आणि रंग या दोन्हींना स्पष्ट मनाई असते.

पाण्याबद्दल एक स्थानिक बाब. शहराच्या कडेच्या बऱ्याच वस्त्यांत बोअरचं पाणी जड असतं. त्याने धुतलेली काळी पट्टी वाळल्यावर पांढुरकी दिसते आणि हाताला खरखरीत लागते. नळाचं पाणी वापरा. तेही जड असेल तर निदान शेवटचं पुसणं फिल्टरच्या पाण्याने करा; त्याला लिटरभर पाणी पुरतं.

पट्टी बाहेर अडकवणं

सकाळी लवकर सुरुवात करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या सीटवर कोणी बसणार नाही असं बघा. गाडी सपाट जागी, सावलीत, दारं उघडी. जास्त तिरपी उभी असेल तर रिट्रॅक्टरमधली छोटी गोळी सरकून बेल्ट मध्येच अडतो आणि पूर्ण बाहेर येत नाही.

बेल्ट पूर्ण ओढून झाला की खांबाच्या आवरणातून तो जिथे बाहेर येतो, तिथेच पट्टीवर फडक्याची घडी ठेवून त्यावर क्लिप लावा. घडी यासाठी की क्लिपच्या कडेने धागे दबू नयेत. हात सोडून बघा. क्लिप आवरणाला टेकून पट्टी तशीच राहिली पाहिजे. ही पायरी घाईत करू नये. क्लिप निसटली की ओला, साबणाचा बेल्ट सरळ रिट्रॅक्टरच्या पोटात जातो. तिथे ना हवा ना ऊन, फक्त स्प्रिंग आणि गंज. क्लिपच्या खाली, फटीच्या तोंडाशी एक कोरडा पंचा खोचून ठेवा म्हणजे ओघळ आत उतरणार नाही.

आधी कोरडं, मग ओलं

धुळीवर थेट पाणी मारलं की चिखल होतो आणि तो विणीत आणखी खोल बसतो. सिमेंटची आणि वाळूची धूळ मुळात कणीदार. ती धाग्यांमध्ये राहिली की पट्टी दर वेळी वाकताना आतून घासत राहते. म्हणून पहिली फेरी कोरड्या ब्रशची, दोन्ही बाजूंनी. व्हॅक्युम क्लीनर असेल तर अरुंद तोंड लावून पट्टीवरून न्या.

आता बादलीभर नाही, फक्त लिटरभर कोमट पाणी घ्या. हाताला सुखाचं वाटेल इतकंच कोमट. त्यात चहाचा एक चमचा लिक्विड. एवढंच. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. पट्टीत उरलेला साबण पुढच्या आठवड्यात धूळ ओढून घेतो.

फळी मांडीवर किंवा सीटवर ठेवा आणि त्यावर वीतभर पट्टी सपाट पसरा. ब्रश पाण्यात बुडवून झटका, म्हणजे तो ओलसर राहील, गळणार नाही. ब्रश पट्टीच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवा किंवा गोल घासलात तर कडेचे धागे उचलले जातात आणि पट्टीवर लव येते. दहा-बारा हात मारले की थोडा फेस येतो, तो हळूहळू राखाडी होतो, मग चहाच्या रंगाचा. तो फेस तिथेच वाळू देऊ नका. लगेच ओल्या, पिळलेल्या फडक्याने पट्टी दोन बोटांत धरून एका दिशेने ओढत पुसा. फडक्यावर जो तपकिरी पट्टा उमटेल तो बघून पुढची वीत घासायचा उत्साह आपोआप येतो. पट्टी उलटा, मागची बाजू तशीच. मग पुढची वीत.

वरून खाली या, म्हणजे मळका ओघळ स्वच्छ भागावर येणार नाही. पाणी गढूळ झालं की बदला. गढूळ पाण्याने घासणं म्हणजे मळ एका जागेवरून दुसरीकडे नेणं. ड्रायव्हरच्या बेल्टला एका फेरीत पूर्ण यश येत नाही. दुसरी फेरी करा. तिसरीची गरज वाटली तर ती आठवडाभराने करा. एकाच दिवशी तासभर रगडण्यापेक्षा ते पट्टीला सोसवतं.

शेवटी साध्या पाण्याचं फडकं, निदान दोनदा. पट्टी बोटांत चोळून बघा. बुळबुळीत लागली तर साबण आहे, पुन्हा पुसा.

वॉशिंग सेंटरवरची प्रेशर गन बेल्टवर मारू देऊ नका. वाफेचं मशीनही जुन्या पट्टीला मी लावणार नाही. नव्या गाडीत काही जण ते वापरतात, पण पंधरा उन्हाळे सोसलेल्या विणीवर आणखी उष्णता कशाला? वाफ खांबाच्या आत जाऊन रिट्रॅक्टरमध्ये पाणी होते, ते वेगळंच.

खांबावरची कडी आणि पायजम्याची नाडी

पट्टी लख्ख करूनही बेल्ट आळशीच राहिला, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा कडी राहून गेलेली असते. खांद्याच्या वर जी कडी असते तिच्या खालच्या कडेला, जिथे पट्टी वळते, तिथे बोट लावून बघा. मेणासारखा काळा थर लागेल. नखाने खरवडला तर नखात भरतो. घाम, तेल आणि धूळ मिळून झालेला हा थरच बेल्टला धरून ठेवतो.

नाडी साबणाच्या पाण्यात भिजवून पिळा. पट्टी कडीत एका बाजूला सरकवा, मोकळ्या झालेल्या फटीतून नाडी ओवा आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. नाडी काळी होते. तिचा स्वच्छ भाग पुढे घ्या, पुन्हा ओढा. मग पट्टी दुसऱ्या बाजूला सरकवून उरलेली अर्धी फट. शेवटी साध्या पाण्याची नाडी आणि कोरडं फडकं. कडीवर पेचकस किंवा ब्लेड चालवू नका. तिच्यावर एक ओरखडा पडला तरी तो पुढची कित्येक वर्षं पट्टीची कड कापत राहील. तेल किंवा ग्रीसही लावू नका. चार दिवस बेल्ट सुळकन जाईल आणि पाचव्या दिवशी तिथे धुळीचं लुकण झालेलं असेल.

लॉकमध्ये जाणाऱ्या पत्तीच्या फटीलाही हीच नाडी चालते.

लॉक

लॉकमध्ये शेंगदाण्याची टरफलं, चिवड्याचा कण, एखादं नाणं असं काहीही सापडतं, विशेषतः मागच्या सीटच्या. इथे पाणी नाही, स्प्रे नाही, तेल नाही. व्हॅक्युमने ओढा, नाहीतर कोरड्या मऊ ब्रशने कण बाहेर काढा. लाल बटण ओलसर फडक्याने पुसा. पत्ती घातल्यावर खटकन आवाज आला पाहिजे, जोरात ओढल्यावर ती निघता कामा नये आणि बटण दाबल्यावर लगेच उसळून बाहेर आली पाहिजे. यातलं एकही बिनसलं असेल तर लॉक उघडून दुरुस्त करायचं नसतं, बदलायचं असतं.

डागांचं काय

सावजीचा रस्सा किंवा तर्री-पोह्याची तर्री सांडली असेल, तर दोन डाग एकात एक असतात: तेल आणि हळद. आधी तेल. डागावर टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळून पुसून काढा. साबण लागताच पिवळा डाग लालसर झाला तर दचकू नका. क्षारात हळद लाल होते. राहिलेली हळद उन्हात फिकी पडते. तेवढा भाग एक-दोन दुपार उन्हात राहिला तर पट्टीचं काही बिघडत नाही.

खर्रा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. ओला हात लावण्याआधी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वाळलेला चुना खरवडून, ब्रशने झटकून टाका. मगच साबणाचं पाणी. सुपारीचा तपकिरी रंग पूर्ण जाणार नाही. तो घालवायला ब्लीचकडे हात जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात काचा बंद ठेवून उभी राहिलेल्या गाडीत बेल्टला बुरशीचा वास येतो. ती बुरशी गाडीच्या बाहेर ओढूनच, कोरड्या ब्रशने झाडा, नंतर साबणाची फेरी. वास तरीही राहिला तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी या मिश्रणाने पुसून, त्यावर साध्या पाण्याची दोन पुसणी करा. बॉलपेनची शाई आणि मेंदी मात्र आहे तशी राहू द्या.

वाळवणं

कोरड्या पंच्यात पट्टी दाबून पाणी टिपा आणि क्लिप तशीच ठेवून पट्टी दाराबाहेर लोंबू द्या, जमिनीला लागणार नाही अशी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात चार-पाच तासांत ती हाताला कोरडी लागते, पण दुहेरी शिवणीच्या आतला ओलावा तेवढ्यात जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण चोवीस तास लागतात आणि पंखा लावावा लागतो. कूलरसमोर ठेवू नका; त्याची हवाच ओली. हेअर ड्रायर आणि इस्त्रीही नको.

कोरडी झाली की नाही ते बघायला शिवणीवर टिश्यू पेपर घट्ट दाबून धरा. कागद जराही ओलसर झाला तर अजून वेळ द्या. पूर्ण दिवस देता येत नसेल तर हे काम काढूच नका.

पुन्हा आत सोडताना

क्लिप काढताना पट्टी हातात धरा आणि हाताने सावकाश आत जाऊ द्या. चार-पाच वेळा पूर्ण ओढून सोडा. आता ती न ढकलता आत गेली पाहिजे. मग एक झटका द्या. बहुतेक गाड्यांत बेल्ट तिथेच लॉक होतो. सावकाश ओढल्यावर येतो आणि झटक्याने अडतो, हे दोन्ही चारही-पाचही बेल्टवर बघा.

कडी साफ आहे, पट्टी साफ आहे आणि तरीही बेल्ट अर्ध्यात थांबतो, म्हणजे स्प्रिंग थकलेली आहे. रिट्रॅक्टरचं झाकण उघडून स्प्रिंगला आणखी पीळ देण्याचे उद्योग करू नयेत. स्प्रिंग एकदम उसळून हाताला लागते, आणि नंतर लॉक नीट पडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पूर्ण जोड बदला. एअरबॅग असलेल्या गाडीत तर खांबाचं आवरणही स्वतः काढू नका. तिथे रिट्रॅक्टरला बहुधा प्रीटेन्शनर जोडलेला असतो, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारी छोटी स्फोटक नळी. त्याची वायर साधारण पिवळ्या कनेक्टरची असते. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

बदलताना भंगारातल्या गाडीचा बेल्ट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. ती गाडी भंगारात कशामुळे आली, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. आपल्या मॉडेलचा नवा बेल्ट बिलासह घ्या आणि त्याचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ताणाला टॉर्क रेंचने आवळून घ्या.

मागचे बेल्ट

जुन्या गाड्यांत मागचे बेल्ट सीटखाली दडपलेले असतात आणि मळण्यापेक्षा चुरगळलेले जास्त. ते बाहेर काढा, पीळ सोडवा, धुवा. मधल्या सीटचा कमरेचा बेल्ट रिट्रॅक्टरशिवायचा असेल तर तो सगळ्यात सोपा. क्लिपची गरजच नाही. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावणं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) नुसार बंधनकारक आहे आणि न लावल्यास कलम १९४-ब खाली १००० रुपये दंड आहे. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात मागचा न बांधलेला माणूस पुढच्या सीटवर आदळतो. गाडीत मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर स्वच्छ, न टोचणारा, वास न येणारा बेल्ट ते कुरकुर न करता लावून घेतात.

एमएच ३१ च्या, म्हणजे नागपूर पासिंगच्या, पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाड्यांची नोंदणी नव्याने करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. त्याआधी महिनाभर हे काम काढा, म्हणजे बदलायचा निघालेला बेल्ट मागवून बसवायला वेळ उरतो. पुढे वर्षातून दोनदा पुरतं: एकदा मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, आणि एकदा दिवाळीपूर्वी, पाऊस संपून हवा कोरडी झाली की.